स्नो ब्लोअर निवडताना पाहायचे ते ड्राइव्हवेचे तोंड

भारतातून अमेरिकेत किंवा कॅनडात गेलेल्या मराठी कुटुंबाची पहिली काही वर्षे बहुधा अपार्टमेंटमध्ये जातात. तिथे रात्री कितीही बर्फ पडला तरी सकाळी पार्किंगची जागा कोणीतरी मोकळी करून गेलेला असतो. पुढे शिकागोच्या उपनगरात, टोरोंटोजवळच्या मिसिसॉगात किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात स्वतःचे घर होते, आणि गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचा ड्राइव्हवे साफ करण्याचे काम पहिल्याच हिवाळ्यात अंगावर येते. अनेक शहरांत घरासमोरचा फूटपाथही घरमालकानेच साफ करायचा असतो. बॉस्टनमध्ये बर्फ थांबल्यापासून ३ तासांत, मिनिआपोलिसमध्ये २४ तासांत. मग स्नो ब्लोअर घेण्याचा विचार सुरू होतो. दुकानात गेले की मशीनची रुंदी किती इंच, इंजिन किती सीसी, बर्फ किती फूट लांब उडतो, हे सांगितले जाते. घेणाऱ्याच्या मनात हिशेब चालू असतो तो आपल्या शहरात वर्षाला सरासरी किती बर्फ पडतो याचा. हे सगळे आकडे कामाचे आहेत, पण केवळ त्यांच्यावर बेतलेला निर्णय बऱ्याचदा फसतो असे माझे मत आहे. आधी पाहायला हवे ते ड्राइव्हवेचे तोंड, म्हणजे तो रस्त्याला मिळतो तिथला शेवटचा मीटर-दीड मीटर. मशीन तिथल्या बर्फाला पुरे पडले पाहिजे आणि चालवणाऱ्याच्या अंगाला झेपले पाहिजे. बाकीचा ड्राइव्हवे कोणतेही बरे मशीन साफ करते.

कडाक्याच्या थंडीत पडलेला ताजा, भुरभुरीत बर्फ म्हणजे बहुतांश हवाच असते. एका घनमीटरला त्याचे वजन ५० ते १०० किलो भरते. तापमान शून्याच्या आसपास असताना पडणारा ओला बर्फ २०० ते ३०० किलोंपर्यंत जातो. आपण ड्राइव्हवे साफ करून घरात येतो आणि तासाभराने म्युनिसिपालिटीचा प्लाऊ, म्हणजे पुढे तिरके लोखंडी पाते लावलेला ट्रक, रस्ता साफ करत निघून जातो. त्याच्या पात्याने बाजूला सारलेला बर्फ रस्त्याच्या कडेने सलग बांधासारखा साचतो आणि हा बांध आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडावरूनही जातो. टायरांखाली चेंगरलेला, मिठाने अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला, मध्येच विटेएवढ्या आकाराची बर्फाची ढेकळे असलेला हा ढीग घनमीटरला सहज ४०० किलोंच्या घरात असतो. आता हिशेब करून पाहा. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे ६ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब धरला आणि त्यावर १० सेंटीमीटर कोरडा बर्फ पडला, तर घनमीटरला ८० किलोप्रमाणे सगळ्या ड्राइव्हवेवर मिळून सुमारे ५८० किलो बर्फ होतो. तोंडाशी साचलेला बांध मीटरभर रुंद आणि अर्धा मीटर उंच असेल, तर उतरत्या कडा सोडूनही तो दोन घनमीटर भरतो. म्हणजे ८०० किलो. एकूण जागेच्या बाराव्या हिश्शात बाकी सगळ्या ड्राइव्हवेपेक्षा जास्त वजन पडलेले असते, आणि तेही भुरभुरीत नाही, घट्ट. फावड्यात एका वेळी ६ किलो उचलले तरी तेवढ्या तुकड्यासाठी सव्वाशेहून अधिक वेळा वाकावे लागते.

‘एवढेच ना, मग फावड्याने काढू, व्यायामही होईल,’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. चाळिशीच्या पुढच्या माणसाने हा विचार फार जपून करावा. मिशिगनमधल्या संशोधकांनी १९९५ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामाची सवय नसलेल्या १० निरोगी तरुणांना जड, ओला बर्फ एकदा फावड्याने आणि एकदा स्नो ब्लोअरने काढायला लावले. फावड्याने काम करताना हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १७५ पर्यंत चढले. यंत्राने काढताना १२४ च्या आसपास राहिले. अवघ्या दोन मिनिटांत ठोके कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांपलीकडे गेले होते. बर्फ उचलताना हातांचे काम जोराचे आणि पाय जागच्या जागी असतात, जोर लावताना श्वास रोखला जातो, आणि थंड हवेने रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या असतात. हे तिन्ही एकदम होते म्हणून हा व्यायाम धावण्या-चालण्यापेक्षा वेगळा. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास आला. २० सेंटीमीटर बर्फ पडलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने मरण्याचा धोका, बर्फ न पडलेल्या दिवसाच्या तुलनेत, ३४ टक्के जास्त आढळला. अमेरिकेत १९९० ते २००६ या काळात फावड्याने बर्फ काढताना दरवर्षी सरासरी ११,५०० लोकांना इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जावे लागले, आणि दरवर्षी शंभरेक माणसे दगावली, तीही हृदयामुळे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना हृदयविकाराचा धोका अधिक असतो, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१८ मध्ये स्वतंत्र निवेदन काढून सांगितले आहे. त्यामुळे मराठी घरात तरी हा प्रश्न आळसाचा किंवा चैनीचा म्हणून उडवून लावू नये. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून आलेले सासरे ‘मी करतो की’ म्हणून फावडे उचलतात, तेव्हा त्यांना प्रेमाने पण ठामपणे थांबवावे.

फावड्याचा ताण ज्या बांधामुळे सर्वाधिक येतो, तोच मशीनला जमत नसेल तर ते घेऊन उपयोग काय? इथे मशीनची घडण समजून घेणे भाग आहे. क्वेबेकच्या आर्थर सिकार्डने १९२५ मध्ये चालू शकेल असा स्नो ब्लोअर बनवला आणि १९२७ मध्ये पहिले मशीन माँट्रियललगतच्या उट्रमाँ गावाला विकले. शेतातले मळणी यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. त्याच्या ट्रकवर बर्फ ओढून घेणारा भाग वेगळा होता आणि तो दूर फेकणारा भाग वेगळा. ही विभागणी आजच्या घरगुती ‘टू-स्टेज’ मशीनमध्ये जशीच्या तशी आहे. समोर दातेरी पोलादी मळसूत्र असते, त्याला ऑगर म्हणतात. ते सावकाश पण जोराने फिरत ढेकळे फोडते आणि बर्फ मधोमध ढकलते. तिथे मागे बसवलेला इम्पेलर, म्हणजे वेगाने फिरणारा जाड पात्यांचा पंखा, तो बर्फ वरच्या नळीतून लांब भिरकावतो. अशा मशीनची चाके इंजिनच्या जोरावर चालतात, आपण फक्त दिशा द्यायची. लहान ‘सिंगल-स्टेज’ मशीनमध्ये हा दुसरा पंखा नसतो. रबराची पाती लावलेला एकच रूळ जमिनीला घासत बर्फ उचलतो आणि तोच त्याला फेकतो. काँक्रीट त्याने अगदी लख्ख निघते, मशीन हलके असते, कोपऱ्यात मावते, पायऱ्यांवरून उचलून नेता येते. १५ ते २० सेंटीमीटरपर्यंतच्या मोकळ्या बर्फाला ते उत्तम. पण त्याचे तोंड जेमतेम फूटभर उंच असते आणि गोठलेल्या ढेकळावर रबर नुसते उसळते. टू-स्टेजचे तोंड २० ते २३ इंच उंच असते आणि पोलादी दाते त्या बांधात शिरतात. फरक पडतो तो इथे.

‘आमच्याकडे बफलोसारखा बर्फ पडत नाही, मग एवढे मशीन कशाला?’ हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. बफलोत वर्षाला साधारण २४० सेंटीमीटर बर्फ पडतो, माँट्रियलला २१०, मिनिआपोलिसला १३५ च्या आसपास, टोरोंटोत १२०, शिकागोत शंभराच्या आत. या आकड्यांवरून किती वेळा मशीन बाहेर काढावे लागेल याचा अंदाज येतो. काढल्यावर समोर काय असेल याचा येत नाही. मिनिआपोलिसमध्ये बहुतेक हिवाळाभर पारा शून्याच्या खूप खाली असतो, त्यामुळे तिथला बर्फ कोरडा आणि हलका. न्यू जर्सीत बर्फ कमी पडतो, पण अटलांटिककडून येणारी वादळे बरोबर पुष्कळ बाष्प आणतात आणि तापमान शून्याच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळते. तिथे चार-पाच वेळाच बर्फ पडला तरी तो चिखलासारखा जड असू शकतो. बफलोचीच गोष्ट घेतली तर सरासरी तिथेही फसवी आहे. एरी सरोवराच्या अजून न गोठलेल्या पाण्यावरून थंड वारे आले की ते बाष्प उचलतात आणि अरुंद पट्ट्यात रिते करतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफलोच्या दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क उपनगरात काही दिवसांत सुमारे दोन मीटर बर्फ पडला आणि काही मैलांवर त्याच्या निम्माही नव्हता. म्हणून शहराचा आकडा बाजूला ठेवून शेजाऱ्यांना दोन गोष्टी विचाराव्यात: प्लाऊ आपल्या गल्लीत किती वेळा येतो, आणि तो गेल्यावर तोंडाशी किती उंच ढीग राहतो. गल्लीच्या टोकाला वळण असेल, बंद गल्ली असेल, किंवा घर कोपऱ्यावर असेल तर हा ढीग इतरांच्या दुप्पट असतो. काही ठिकाणी, उदाहरणार्थ टोरोंटोच्या बऱ्याच भागांत, नगरपालिका हा बांधही यंत्राने उघडून देते. तुमच्या गल्लीत तशी सोय असेल आणि ड्राइव्हवे डांबरी किंवा काँक्रीटचा असेल, तर सिंगल-स्टेज मशीन निःशंक घ्यावे. जास्तीचे पैसे वाया घालवू नयेत.

मग सरळ सर्वांत मोठे मशीन घेतले की प्रश्न मिटला, असेही नाही. टू-स्टेज मशीनचे वजन ९० ते १३० किलो असते. २४ इंच रुंदीचे मशीन दोन गाड्यांच्या ड्राइव्हवेला पुरते. ३० इंची मशीन घेतले तर दोन-तीन फेऱ्या वाचतात, पण प्रत्येक वळणावर तेवढे जास्त वजन फिरवावे लागते, आणि वळवताना दंडांवर येणारा ताण पाहता हृदय जपण्याचा मूळ हेतूच निम्मा वाया जातो. बर्फ ५० फूट उडतो की ३५ फूट, याला शहरी वस्तीत फारशी किंमत नाही, कारण तो शेजाऱ्याच्या अंगणात किंवा रस्त्यावर टाकता येत नाही. बहुतेक नगरपालिका रस्त्यावर बर्फ टाकल्याबद्दल दंड करतात. तीन टप्प्यांची मशीनही मिळतात, त्यात ढेकळे फोडायला मधोमध आणखी एक मळसूत्र असते. रोज दाट बांध फोडावा लागतो अशा ठिकाणी ते घेण्यात अर्थ आहे, इतरांनी त्याच्या मागे लागू नये. मला विचाराल तर इंजिनच्या दहा-वीस सीसींपेक्षा एक गोष्ट जास्त मोलाची: वळताना एका चाकाची ताकद आपोआप किंवा हँडलखालचा चाप दाबून काढून घेण्याची सोय. ती असेल तर शंभर किलोंचे मशीन दोन बोटांनी वळते.

दोन लहान भाग मात्र दुकानातच वाकून, हात लावून पाहावेत. एक म्हणजे मशीनच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना खाली बसवलेले स्किड शू. हे लोखंडाचे किंवा टणक प्लास्टिकचे घसरपाय वर-खाली सरकवता येतात आणि मशीनची तळपट्टी जमिनीपासून किती उंच राहील ते ठरवतात. काँक्रीटवर ती ३ मिलिमीटर उंच ठेवली की पुरते. खडीचा ड्राइव्हवे असेल तर दोन-अडीच सेंटीमीटर ठेवावी लागते, नाहीतर खडीही बर्फाबरोबर उडते आणि खिडकी फुटते किंवा कोणाला तरी लागते. सिंगल-स्टेजचे रबर जमिनीलाच घासत असल्याने खडीवर ते मुळीच चालवू नये. दुसरा भाग म्हणजे शीअर पिन. ऑगरचे मळसूत्र त्याच्या दांड्याला या पिनेने जोडलेले असते, आणि ती मुद्दाम मऊ धातूची असते. बांधात गोठलेले वर्तमानपत्र, दगड किंवा मुलांच्या घसरगाडीचा तुकडा अडकला की ही पिन तुटते, मळसूत्र फिरायचे थांबते आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. पिन दोन-चार डॉलरची असते, बदलायला पाच मिनिटे लागतात. पण ती त्याच मापाची आणि त्याच कंपनीची हवी. तिच्या जागी कपाटातला कोणताही पोलादी बोल्ट ठोकला तर पुढच्या वेळी तुटतो तो गिअरबॉक्स. मशीनबरोबर अशा पिना जास्तीच्या घ्याव्यात आणि मशीनवरच चिकटवून ठेवाव्यात. बर्फ पडलेल्या पहाटे दुकान उघडे नसते.

पेट्रोलचे घ्यावे की बॅटरीचे, यावर अलीकडे बरीच चर्चा होते. पेट्रोल इंजिनच्या विरुद्धचे मुद्दे खरे आहेत. आवाज, धूर, तेल बदलणे, आणि सर्वांत त्रासाचे म्हणजे इथॅनॉल मिसळलेले पेट्रोल महिन्या-दोन महिन्यांत शिळे होऊन कार्ब्युरेटर चोंदणे. पहिल्या बर्फाला मशीन सुरू होत नाही याचे कारण बहुतेक वेळा मार्चपासून टाकीत राहिलेले पेट्रोल असते. हिवाळा संपताना टाकी रिकामी केली किंवा पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घातले तर ही कटकट टळते. बॅटरीच्या मशीनला यातले काहीच नको. बटण दाबले की चालू, शेजाऱ्याची झोपमोड नाही. पण लिथियम-आयन बॅटरी थंडीत कमी वीज देते, शून्याखाली ती चार्ज करू नये, आणि जड बर्फात मोटर जास्त वीज ओढत असल्याने नेमक्या बांधाशी येईपर्यंत ती संपत आलेली असते. त्यामुळे बॅटरी घरात उबेत ठेवायची आणि मशीन बाहेर काढल्यावर सुरुवात ड्राइव्हवेच्या तोंडाकडून करायची, हा क्रम लावून घ्यावा. शिकागो, टोरोंटो, न्यू जर्सीतल्या मध्यम ड्राइव्हवेला दोन बॅटऱ्यांचे टू-स्टेज मशीन पुरते असे म्हणता येईल, जरी ते तेवढ्याच ताकदीच्या पेट्रोल मशीनपेक्षा बऱ्याचदा महाग पडते. बफलो, सिराक्यूज किंवा माँट्रियलमध्ये, जिथे एका दिवसात तीन वेळा बाहेर पडावे लागते आणि वादळात वीजही जाते, तिथे आजही पेट्रोलचेच घ्यावे. विजेच्या वायरवर चालणारे स्वस्त मशीन अंगणातल्या छोट्या वाटेपुरते ठीक. बर्फात दडलेली वायर पात्याखाली यायला क्षणही पुरतो.

ठेकेदाराला हंगामाचे पैसे देऊन मोकळे व्हावे, हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि काही घरांना तोच मार्ग योग्य आहे. टू-स्टेज मशीन हजार ते दोन हजार डॉलरला पडते, गॅरेजमधली जागा खाते आणि वर्षातले मोजकेच दिवस चालते. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली असेल, पाठीचे दुखणे असेल, किंवा घरात एकटे वृद्ध राहत असतील, तर मशीनचाही मोह नको. स्नो ब्लोअर ताण कमी करतो, नाहीसा करत नाही. पण ठेकेदार त्याच्या यादीप्रमाणे येतो. तो पहाटे पाचला येऊन गेला आणि प्लाऊ सातला आला, तर तोंडाशी बांध पुन्हा तयार, आणि आठला कामावर निघायचे असते. करार करताना प्लाऊनंतरची दुसरी फेरी धरली आहे का, हे स्पष्ट लिहून घ्यावे. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक चांगले मशीन घेण्याचा पर्यायही आहे. लागोपाठच्या ड्राइव्हवेंना तो सोयीचा पडतो.

इथे एका धोक्याबद्दल आग्रहाने सांगायचे आहे. ओला बर्फ नळीत चिकटून बसतो, मशीन तुंबते, आणि माणूस इंजिन बंद करून हात घालतो. इंजिन बंद असले तरी पट्ट्यांमध्ये आणि पात्यांमध्ये ताण अडकून राहिलेला असतो. बर्फ सुटताच पाते अर्धा फेरा मारते. बोटे जायला तेवढे पुरते. अमेरिकेत दरवर्षी हजारो लोक स्नो ब्लोअरच्या दुखापतीने इस्पितळात जातात आणि त्यांत हात-बोटांच्या जखमा फार असतात. बहुतेक मशीनवर यासाठी प्लास्टिकचे लांब दांडके अडकवलेले असते. इंजिन बंद, किल्ली बाहेर, पाती थांबेपर्यंत थांबणे, आणि मग दांडक्यानेच बर्फ काढणे, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला शिकवावा. सैल शाल किंवा लोंबता स्कार्फ घालून मशीनजवळ जाऊ नये. पेट्रोलचे मशीन गॅरेजमध्ये, दार उघडे असले तरी, चालू करून ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बांध मुळातच लहान व्हावा यासाठीही एक उपाय करता येतो. ड्राइव्हवेत रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले की अमेरिकेत-कॅनडात आपल्या बाजूची वाहतूक डावीकडून येते, म्हणजे प्लाऊही तिकडूनच येणार. तोंडाच्या डाव्या हाताला रस्त्याच्या कडेचा दोन-तीन मीटरचा तुकडा आधीच मोकळा करून ठेवला, तर प्लाऊच्या पात्यावरचा बराचसा बर्फ त्या खिशात पडतो आणि आपल्या तोंडाशी कमी उतरतो. मशीन दुकानातून घ्यायचे ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किंवा मार्चअखेरच्या सवलतीत. पहिल्या वादळाच्या आदल्या दिवशी जे उरलेले असते ते घ्यावे लागते. आणि जाताना जाड हातमोजे घेऊन जावेत. घरात मशीन कोण चालवणार, नवरा, बायको की कॉलेजातला मुलगा, त्या प्रत्येकाने हातमोजे घालूनच चाप दाबून पाहावा, नळी फिरवून पाहावी, आणि इंजिन बंद असताना मशीन चार पावले मागे ओढून पाहावे. सर्वांत कमी ताकदीच्या माणसाला ते ओढता येत नसेल, तर त्याच मशीनची चार इंच कमी रुंदीची आवृत्ती मागावी.